तासातली पहिली सात मिनिटं : डिजिटल अध्यापनाच्या प्रकल्प नोंदी

२४ जून

प्रकल्पाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. आपसात त्याला आम्ही ‘रोजचा तास’ म्हणायचं ठरवलं. सहावी ते आठवीचे वर्ग आणि गणित, विज्ञान, भाषा हे तीन विषय. साधनं शाळेत आहेत तीच वापरायची: टॅबलेटचा एक संच (दोन मुलांना एक पुरेल इतका), दोन प्रोजेक्टर, संगणक कक्षातले जुने संगणक. सुरुवातीला नवी खरेदी नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, “म्हणजे संगणकाचा तास वाढवायचा का?” नाही. संगणकाचा तास हीच अडचण आहे. आठवड्यातून एकदा मुलं रांगेनं कक्षात जातात, चित्रं रंगवतात, टंकलेखन करतात आणि परत येतात. वर्गात गणित फळ्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. या दोन गोष्टींची गाठच पडत नाही. तंत्रज्ञान आलंच तर चालू तासात, चालू धड्यात, शिक्षक म्हणतील त्या मिनिटाला यावं आणि काम झालं की बाजूला व्हावं.

बैठकीत पेरूचं उदाहरण मुद्दाम काढलं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ कार्यक्रमातून तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांना लॅपटॉप मिळाले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं होतं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. कोणत्या धड्यात लॅपटॉप कसा वापरायचा हे शिक्षकांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. विज्ञानाचे सर म्हणाले, “आपल्याकडे तर प्रमाण अर्धंच आहे, म्हणजे नापास व्हायलाही जागा नाही.” बैठक तिथेच हलकी झाली.

२ जुलै

सर्व्हर उभा राहिला. रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा संगणक), त्यावर कोलिब्री. ही ‘लर्निंग इक्वालिटी’ या संस्थेची मुक्त प्रणाली, आणि मुळातच इंटरनेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवलेली. साहित्य एकदा इंटरनेटवरून किंवा पेन ड्राइव्हवरून आत घ्यायचं. मग वर्गातले टॅबलेट वाय-फायनं या डबीशी जोडले की व्हिडिओ, सराव प्रश्न, वाचनपाठ सगळं शाळेच्या आतल्या आतच चालतं. शिक्षकांना त्यांचं वेगळं पान मिळतं. कोणत्या मुलाचं कुठे अडलं, ते तिथे दिसतं.

साहित्य घेताना हात आखडता ठेवला. सगळं भरलं तर हजारो पानं होतात आणि मुलं त्यांत हरवतात. गणिताच्या बाईंनी पहिल्या सत्राचे घटक काढून दिले, तेवढंच घेतलं. भाषांतरित आणि स्थानिक साहित्य घेताना परवाना तपासला. ज्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सची (म्हणजे निर्मात्यानंच इतरांना वापरायची मुभा दिल्याची) खूण आहे तेच घ्यायचं. ‘नेटवर सापडलं’ हा परवाना नव्हे.

५ जुलै

वाय-फायनं अर्धा दिवस खाल्ला. डबीतला वाय-फाय मोजक्या उपकरणांपुरता ठीक आहे. वर्गभर टॅबलेट एकदम जोडले की तो मान टाकतो. म्हणून वेगळा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारं यंत्र) बसवला आणि डबीला तो केबलनं जोडला. शेजारच्या दोन वर्गांत दोन ॲक्सेस पॉइंट होते आणि दोघेही एकाच चॅनलवर बोलत होते. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे थांबतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एकाला १ दिला, दुसऱ्याला ११, आणि कटकट संपली. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण आपले जुने टॅबलेट ते पकडतच नाहीत.

सगळ्यांनी एकदम व्हिडिओ उघडायचा नाही, असा नियमही केला. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर एकदाच, प्रोजेक्टरवर. मग तो मध्ये थांबवून प्रश्नही विचारता येतो.

११ जुलै

आज घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसलो. सातवीचा गणिताचा तास, ३५ मिनिटांचा. टॅबलेट वाटण्यात ६ मिनिटं गेली, ते सुरू होण्यात ३, नाव आणि पासवर्ड टाकण्यात ५, योग्य पान सापडेपर्यंत ४. पहिला प्रश्न मुलांसमोर आला तेव्हा १८ मिनिटं गेली होती. शेवटची पाच मिनिटं गोळा करण्यात गेली. उरली १२. बाई काही बोलल्या नाहीत, पण फळ्यावर त्यांनी हेच बारा मिनिटांत उरकलं असतं आणि वर दोन उदाहरणं सोडवली असती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

शिक्षक तंत्रज्ञान टाळतात ते नव्याच्या भीतीनं, असं प्रशिक्षणांत सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. जो माणूस रोज ३५ मिनिटांत एक घटक पुढे नेतो, त्याला १८ मिनिटांचा तोटा बरोबर कळतो. त्याचं टाळणं हा हिशेब आहे.

१२ जुलै

उपाय. कोलिब्रीत मुलांसाठी पासवर्डची अट काढता येते, काढली. आता यादीतून आपला क्रमांक निवडला की आत. प्रत्येक टॅबलेटवर ब्राउझर उघडताच थेट वर्गाचं पान येईल अशी सोय केली. टॅबलेटच्या पाठीवर बाकाचा क्रमांक चिकटवला, त्यामुळे वाटप म्हणजे ‘कुणाला कुठला’ हा वाद उरला नाही. प्रत्येक रांगेतला एक जण आपल्या रांगेचे उचलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॅबलेट आदल्या तासाच्या शेवटीच सुरू करून झोपवलेले असतात, बंद केलेले नसतात.

१७ जुलै

त्याच वर्गात पुन्हा मोजलं: सात मिनिटं. बाई म्हणाल्या, “सात चालतील, पण त्या सातात वर्ग रिकामा नको.” म्हणून त्या वेळात फळ्यावर तीन प्रश्न असतात: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. टॅबलेट येईपर्यंत मुलं ते वहीत सोडवतात.

यामागे चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास असतो. त्याला टॅबलेट लागत नाही, खडू पुरतो. प्रकल्पाच्या नावाखाली सुरू झालेली ही पहिली चांगली सवय बिनविजेची आहे, याची मुख्याध्यापिका बाईंना गंमत वाटली.

१९ जुलै

आजची नोंद सविस्तर, कारण इथे प्रकल्पाचं खरं काम काय ते दिसलं.

घटक दशांश अपूर्णांकांची तुलना. प्रश्नसंचातला तयार प्रश्न: ०.४५, ०.६ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? १९ जोड्यांपैकी १५ जोड्यांनी ०.६ निवडलं. शिक्षकांच्या पानावर हिरवा रंग पसरला. मी म्हटलं, पुढे जाऊ या. बाई थांबल्या. एका जोडीला विचारलं, “का रे, ०.६ का मोठं?” उत्तर आलं, “बाई, त्याच्यात अंक कमी आहेत ना. अंक जितके जास्त तितका तुकडा बारीक.” दुसऱ्या जोडीचंही तेच. हजारांश शतांशापेक्षा लहान असतात हे मुलांनी बरोबर ऐकलं होतं आणि त्यातून चुकीचा नियम बनवला होता. त्या चुकीच्या नियमानंही उत्तर ०.६ च येतं.

याच्या उलट चूक जास्त माहीत असलेली: जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, कारण १२५ हे ६ पेक्षा मोठे. ती करणाऱ्या मुलांनी ०.१२५ निवडलं असतं आणि ती लगेच पकडली गेली असती. म्हणजे हा प्रश्न एका गैरसमजाला पकडतो आणि दुसऱ्याला शाबासकी देतो.

बाईंनी मधल्या सुट्टीत नवा प्रश्न बनवला: ०.४, ०.३५७, ०.६२. लांब ती मोठी मानणारा ०.३५७ निवडेल, आखूड ती मोठी मानणारा ०.४ निवडेल, आणि स्थानिक किंमत कळलेला ०.६२. एकही पर्याय भरतीचा नाही.

२२ जुलै

नवा प्रश्न टाकला. ८ जोड्या बरोबर, ७ जोड्या ०.४ वर, ४ जोड्या ०.३५७ वर. शुक्रवारचा हिरवा रंग सोमवारी जवळपास निम्मा उतरला.

यानंतर बाईंनी जे केलं ते कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचलेलं नव्हतं. “टॅबलेट पालथे.” सगळ्यांनी पडदे बाकावर पालथे केले. मग तीन उत्तरांच्या जोड्या मिसळून तिघांचे गट केले आणि सांगितलं, एकमेकांना पटवा, नियम सांगू नका, चित्र काढून दाखवा. शंभर चौकटींचा कागद त्यांच्याकडे तयार होता. दहा मिनिटं वर्गात नुसता गलका. मग पुन्हा पडदे सुलटे, त्याच जातीचा दुसरा प्रश्न. बरोबर जोड्या १६.

तासात टॅबलेट एकूण सहा-सात मिनिटं वापरला गेला असेल. पण बाकीच्या तासाला दिशा मिळाली ती त्या मिनिटांतून. कोण काय समजून बसलंय, हे त्याच तासात कळलं. वह्या घरी नेऊन तपासल्या असत्या तर दोन दिवसांनी कळलं असतं, तोवर बेरीज सुरू झाली असती.

‘पडदे पालथे’ आता सगळ्या वर्गांत रुळतंय. मुलांनाच ते जास्त आवडतं.

३० जुलै

विज्ञान, आठवी, विद्युत परिपथ. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची प्रतिकृती (पडद्यावर करून बघायचा प्रयोग) डाउनलोड करून ठेवली होती. ती इंटरनेटशिवाय चालते. (फेट सुरू केलं २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी, त्याआधीच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सरांना ही माहिती वर्गात सांगायला फार आवडते.) पडद्यावर सेल, तार, दिवा जोडायचा आणि तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना बघायचे. शॉर्ट सर्किट केलं की सेलला आग लागते. अर्थात पहिल्या काही मिनिटांत वर्गातल्या प्रत्येक सेलला आग लागली. सरांनी लागू दिली. “एकदा हौस फिटू दे, मग ऐकतील.”

इथे माझं आणि सरांचं वाजलं. त्याच विद्यापीठातल्या २००५ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की प्रतिकृतीवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खराखुरा परिपथही प्रत्यक्ष उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा चांगला जोडला आणि समजावून सांगितला. मी म्हटलं, मग आधी टॅबलेट. सर म्हणाले, “ती कॉलेजची मुलं होती. माझ्या मुलांनी तार सोललेली नाही. दिवा न लागणं म्हणजे काय ते बोटांना आधी कळू दे.”

त्यांच्या क्रमानं केलं. आधी खरा सेल, तार, छोटा दिवा. सहापैकी दोन गटांचा दिवा लागला नाही: एकाची तार आतून तुटलेली, दुसऱ्यानं दोन्ही तारा दिव्याच्या एकाच टोकाला लावलेल्या. नंतर प्रतिकृती. तेव्हा त्या दुसऱ्या गटानं आपली चूक पडद्यावर मुद्दाम पुन्हा केली आणि इलेक्ट्रॉन दिव्यातून जातच नाहीत हे स्वतः पाहिलं. जे हातानं करता येतं ते हातानं, जे डोळ्याला दिसत नाही तेवढंच पडद्यावर. सरांचा क्रम बरोबर होता.

६ ऑगस्ट

भाषेच्या बाईंनी विचारलं, “तुमच्या सर्व्हरवर अजून ९ जुलैच कसं?” खरंच होतं. पाय ४ ला वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी सोय नसते. इंटरनेट असेल तर तो वेळ तिथून घेतो. आपल्याकडे ते नाही. संध्याकाळी बंद केला की घड्याळ थांबतं आणि सकाळी तिथूनच पुढे चालू लागतं. शाळेचे सहा-सात तास तेवढेच त्याच्या लेखी दिवस. महिन्याभराच्या नोंदी एका आठवड्यात कोंबलेल्या. ‘या आठवड्यात कुणी काय केलं’ हा अहवाल त्यामुळे निरर्थक.

डीएस३२३१ हे छोटं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं. आधीच्या नोंदींच्या तारखा तशाच ठेवल्या आणि फाइलीवर ‘तारीख ग्राह्य नाही’ असा शेरा मारला. ऑफलाइन यंत्रणेच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

१४ ऑगस्ट

वरिष्ठ कार्यालयाकडून नमुना आला. रकाने: उपकरणांची संख्या, वापराचे एकूण तास, पाहिलेले व्हिडिओ. ‘पडदे पालथे’साठी रकाना नाही. भरून पाठवला. खाली एक ओळ जोडली की या शाळेत वापराचे मिनिट कमी असणं हे नियोजन आहे.

२१ ऑगस्ट

भाषा. बाईंची कल्पना: प्रत्येक मुलानं एक मिनिट प्रकट वाचन टॅबलेटवर रेकॉर्ड करायचं, स्वतः ऐकायचं, पुन्हा वाचायचं. मुलांवर याचा परिणाम फार चांगला. वर्गासमोर उभं राहायला जी मुलं अंग चोरतात ती कोपऱ्यात जाऊन तीन-तीनदा रेकॉर्ड करतात. स्वतःचा आवाज ऐकला की विरामचिन्हं आपोआप जाग्यावर येतात.

पण मग ही रेकॉर्डिंग ऐकणार कोण? ३८ मुलं, प्रत्येकी एक मिनिट, शेरे लिहिण्याचा वेळ धरून तासाहून जास्त. रोज. शिक्षकांचं काम कमी करेल म्हणून आणलेली गोष्ट त्यांच्या संध्याकाळी खाते ती अशी. ठरलं की बाई रोज पाचच ऐकतील; आठ शाळा-दिवसांत वर्ग पुरा होतो. बाकीची मुलं जोडीदाराचं ऐकून एक बरं आणि एक सुधारण्यासारखं सांगतील. जुनी रेकॉर्डिंग महिन्याला पुसायची, फक्त सत्रातलं पहिलं आणि शेवटचं ठेवायचं.

२७ ऑगस्ट

सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू सध्या कोणती? टॅबलेट नाही. संगणक कक्षातला एक जुना वेबकॅम. शिक्षकांनी तो लाकडी पट्टीला बांधून टेबलावर खाली तोंड करून उभा केलाय, लांब केबलनं लॅपटॉपला आणि पुढे प्रोजेक्टरला. कुणाचीही वही त्याखाली ठेवली की ती सगळ्या वर्गाला दिसते. बाई दोन मुलांच्या रीती शेजारी-शेजारी ठेवतात: “दोन्ही उत्तरं बरोबर, पण कुणाची रीत मोठ्या संख्यांना टिकेल?” विज्ञानाचे सर पानाची शीर दाखवतात.

याला लॉगिन नाही, वाय-फाय नाही. चुकीचा नमुना दाखवताना वहीवरचं नाव झाकायचं, एवढाच नियम.

३ सप्टेंबर

जोडीचा प्रश्न ऐरणीवर आला. दोघांत एक टॅबलेट म्हणजे दोघांचं मिळून एक उत्तर. सर्व्हरवर मात्र ते ज्याचा क्रमांक निवडला त्याच्याच नावावर. एका मुलाची प्रगती भराभर वर जाताना दिसत होती. शेजारी बसून पाहिलं तर बोट त्याचं, डोकं शेजारणीचं.

जोड्या मोडायच्या नाहीत. जोडीतलं बोलणं हाच तर फायदा आहे, आणि हाताळणारा दर प्रश्नाला बदलेल असा नियम लावता येतो. पण शिकणं जोडीनं आणि तपासणी एकट्याची, असं वेगळं केलं. तपासणीसाठी प्लिकर्सची कागदी कार्डं छापली. प्रत्येक कार्डावर वेगळा चौकोनी नक्षा. कार्ड कोणत्या बाजूनं धरलं त्यावरून अ, ब, क, ड. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि प्रत्येक मुलाचं उत्तर नोंदलं जातं. वर्गात लागतो तो एकच फोन. शेजाऱ्याचं बघून लिहिणंही अवघड, कारण त्याचा नक्षा वेगळा असतो आणि अक्षरं बारीक.

दशांशाचाच प्रश्न एकट्यानं विचारला. जोडीत जे सरसकट बरोबर दिसत होतं त्यातली ११ मुलं एकटी असताना चुकली. बाईंनी त्या ११ जणांना गुरुवारी वेगळं घेतलं.

११ सप्टेंबर

एका कंपनीचं फुकट ॲप वापरावं, अशी सूचना पालकसभेतून आली. उघडून पाहिलं: मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन, आणि मायक्रोफोन, संपर्कयादी, ठिकाण यांची परवानगी. गणिताच्या सरावाला मूल कुठे आहे हे कशाला लागतं?

हे या एकट्या ॲपचं नाही. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २०२२ मध्ये महामारीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली शैक्षणिक साधनं तपासली. दहापैकी जवळपास नऊ साधनं मुलांच्या खासगीपणाला धोका पोचेल अशा रीतीनं माहिती हाताळत होती. आमच्याकडे नियम असा: मुलांची नावं सर्व्हरवर नाहीत, फक्त वर्ग आणि क्रमांक, प्लिकर्सवरही कार्डाचा क्रमांकच. कोणता क्रमांक कुणाचा हे हजेरीपटात, आणि हजेरीपट कपाटात. पालकांना हे समजावून सांगितल्यावर कुणी हट्ट धरला नाही.

१९ सप्टेंबर

सातवीतल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसत नाही. चष्म्यानंही पुरेसं नाही. आजवर पहिल्या बाकावर बसवणं एवढाच उपाय होता. तिला एक टॅबलेट कायमचा दिला, छोट्या स्टँडवर. कॅमेऱ्यानं फळा मोठा करून बघते, पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून बोटांनी वाढवते, कोलिब्रीतली अक्षरं मोठी ठेवते. भूमितीच्या तासाला ती पहिल्यांदा स्वतः आकृती बघून काढू लागली.

बाकीच्या वर्गासाठी टॅबलेट असावा की नसावा, सहा मिनिटं असावा की सोळा, यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. तिच्या बाबतीत हा वादच नाही. टॅबलेट तुटले आणि मोजकेच उरले, तर पहिला हक्क तिचा. हे लेखी ठेवलंय.

२५ सप्टेंबर

प्रत्येक मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न बदलणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, यावर चर्चा. ‘घ्यावं’ या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा दिल्लीचा: अशाच सॉफ्टवेअरवर, ‘माइंडस्पार्क’वर मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा अभ्यास, २०१९ मध्ये प्रसिद्ध. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं हे माप) जास्तीची वाढ. शिक्षणातल्या प्रयोगांत हे आकडे मोठे आहेत. मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला तो होता तिथून घेऊन गेलं.

पण ते चाललं शाळा सुटल्यावर, वेगळ्या केंद्रांत, सॉफ्टवेअरसोबत छोट्या गटातल्या शिकवणीसह. आमच्या ३५ मिनिटांत ३८ मुलं ३८ पातळ्यांवर गेली तर बाईंनी फळ्यावर काय लिहायचं? चालू तासात नाही, असं ठरलं. शाळा सुटल्यावरच्या उजळणी गटासाठी जरूर विचार करू. ती वेगळी योजना, वेगळं मनुष्यबळ.

४ ऑक्टोबर

वीज सकाळपासून नव्हती. सर्व्हरची मेमरी कार्ड झटक्यात वीज गेल्यावर बिघडतात हे माहीत असल्यानं छोटा यूपीएस आधीच लावला होता. डबी नीट बंद झाली. तास मात्र कुठेही अडला नाही. प्रत्येक पाठनियोजनात ‘वीज नसेल तर’ असा रकाना आहे. गणिताच्या बाईंनी तो कायम आधी भरलेला असतो.

१८ ऑक्टोबर

प्रशिक्षणाचा दिवस. भाषण, सादरीकरण, प्रमाणपत्र वगळलं. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकानं दुसऱ्या विषयाच्या एका तासाला बसायचं आणि नंतर एकच गोष्ट सांगायची: कोणत्या मिनिटाला पडदा उघडला, आणि तो उघडला नसता तर काय अडलं असतं? भाषेच्या बाईंनी विज्ञानाच्या सरांना सुनावलं, “तुमचा तिसरा व्हिडिओ नसता तरी काही अडलं नसतं, तुम्हीच छान सांगत होतात.” सरांनी तो व्हिडिओ काढून टाकला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हे बोलायची छाती झाली नसती आणि सरांनी ऐकूनही घेतलं नसतं.

इतिहासाच्या सरांनी स्वतःहून विचारलं की प्रकल्पात येऊ का. त्यांना हवा आहे तो वेबकॅम.

८ नोव्हेंबर

सत्राचा आढावा. काढून टाकलं: वर्गात सगळ्यांनी व्हिडिओ पाहणं, गुणांच्या शर्यतीचा फलक (मागची मुलं अंदाजानं बटणं दाबू लागली होती), आणि टॅबलेटवर लांब उत्तरं टंकणं, पेन चौपट वेगानं चालतं. ठेवलं: तीन उजळणी प्रश्न, गैरसमज पकडणारे प्रश्न, पडदे पालथे, कार्डं, वेबकॅम, प्रकट वाचन, फेट.

बाईंच्या वहीत आता अशा प्रश्नांची पानं जमलीत. प्रत्येक पर्यायासमोर तो निवडणारं मूल काय समजून बसलंय ते लिहिलेलं. मुख्याध्यापिका बाईंनी ती वही शेजारच्या शाळेला द्यायची का विचारलं. बाई म्हणाल्या, “प्रश्न द्या, पण पर्याय त्यांनी आपल्या मुलांना विचारून पुन्हा लिहावेत. त्यांची मुलं वेगळं चुकतील.”

१५ नोव्हेंबर

हस्तांतर. सर्व्हरच्या मेमरी कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर काढून कपाटात ठेवली. बिघडलं तर कार्ड बदलायचं, बस. सुट्टीत टॅबलेट पूर्ण भरून ठेवायचे नाहीत, निम्मे भरून बंद करायचे. बॅटऱ्या जास्त टिकतात. आठवीतल्या चौघांना वाय-फाय आणि चार्जिंगचं काम शिकवलं. माझ्यापेक्षा ते नेटकं करतात, कारण रोज तेच तिथे असतात.

दुसऱ्या सत्रासाठी शाळेनं केलेली मागणी: टॅबलेट शून्य. वेबकॅम दोन, लांब केबल दोन, कार्डांचे नवे संच, टॅबलेटच्या बॅटऱ्या पाच. आणि आठवड्यातून एक तास गणित, विज्ञान, भाषा, इतिहास या चौघांना एकत्र मोकळा, फक्त प्रश्न बनवायला. शेवटच्या मागणीवर कार्यालयातून फोन आला की वेळापत्रकात हे कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचं. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, “डिजिटल अध्यापन.” मंजूर झालं.